इंडक्शन एरर दाखवतंय? मग आधी या चुका टाळा

मार्च संपत आला की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर इंडक्शन शेगड्यांची रांग लागते. जळगावात पारा ४३-४४ वर गेल्यावर तर भुसावळ, यावल, चोपड्याहून लोक पिशवीत गुंडाळून घेऊन येतात. आणणाऱ्याचं बोलणंही ठरलेलं असतं. "भाऊ, आठ दिवसांपासून एरर दाखवत होतं, पण दोन-चार वेळा चालू-बंद केलं की चालायचं. काल मात्र फट् आवाज झाला आणि पूर्ण बंद पडलं." हे ऐकलं की जीव हळहळतो. आठ दिवसांपूर्वी आणलं असतं तर पंखा साफ करून लगेच परत दिलं असतं. आता आतला मुख्य पार्ट जळालेला असतो.

एरर दाखवून बंद होणारं इंडक्शन त्या क्षणी स्वतःला वाचवत असतं. काचेखालचा सेन्सर तापलाय, आतला हीटसिंक (पार्टची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) तापलाय, व्होल्टेज कमी-जास्त झालंय किंवा वर भांडंच नाही, यातलं काहीतरी त्याला कळलेलं असतं. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कोडचा अर्थ यूट्यूबवर दुसऱ्याच कंपनीच्या व्हिडिओत शोधणं ही त्याखालोखालची. ई-१, ई-२, ई-३ यांचे अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळे असतात. एकात जो कोड कमी व्होल्टेजचा, तोच दुसऱ्यात सेन्सरचा. सोबत आलेलं पुस्तक जपून ठेवा. हरवलं असेल तर मॉडेल नंबर पाठीमागच्या स्टिकरवर असतो, त्यावरून कंपनीकडे विचारा.

मिस्त्रीकडे नेण्याआधी भांडं तपासा. बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला पाहिजे. नुसता अडकतो आणि सरकतो, असं असेल तर इंडक्शन ते भांडं ओळखेलच याची खात्री नाही. साधं ॲल्युमिनियम आणि तांबं चालत नाही. चहाचं अगदी छोटं पातेलं चुंबकाला चिकटत असलं तरी बूड लहान असल्याने कधी कधी ओळखलं जात नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच घरांत दिसते. शेवभाजीच्या फोडणीसाठी कोरडी कढई २००० वॅटवर ठेवून माणूस लसूण सोलायला बसतो. रिकामी कढई बघता बघता तापते, सेन्सर बंद करतो, आणि असं रोज झालं की बूड वाकतं. वाकलेलं बूड मधोमध काचेला टेकत नाही, सेन्सरला खरं तापमान कळत नाही, मग कधी उगाच एरर येतो तर कधी यायला हवा तेव्हा येत नाही. फोडणी १००० ते १२०० वॅटवर करा, तेल आधी घाला. (भरताचं वांगं मात्र इंडक्शनवर भाजायचा नाद सोडा. ते काट्याकुट्यांच्या जाळावरच भाजावं.)

मग प्लग. २००० वॅटचं इंडक्शन २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढतं. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. आपल्याकडे ते टीव्हीच्या बोर्डावर, मल्टिप्लगमध्ये, वर एक कन्व्हर्टर लावून चालवतात. दहा मिनिटं चालवल्यावर स्विच बंद करून प्लगला हात लावून बघा. चटका बसत असेल, पिन काळी पडली असेल, तर दोष इंडक्शनचा नाही. सैल पिनमध्ये ठिणग्या पडतात, क्षणाक्षणाला वीज तुटते, आणि तो मार आतल्या बोर्डाला बसतो.

व्होल्टेजचं दुखणं आपल्या खेड्यांत जास्त. शेतातल्या मोटारींची लाइन आली की घरातला दिवा मंदावतो, तेव्हा इंडक्शनही कमी व्होल्टेजचा एरर देऊन थांबतं. त्यावर लोक टीव्हीचा जुना स्टॅबिलायझर जोडतात. तो ५०० व्हीएचा असतो, २००० वॅटचा भार त्याच्याने कसा पेलणार? तोही जळतो आणि इंडक्शनलाही नेतो. त्यापेक्षा वॅट कमी करून चालवा किंवा लाइन नीट होईपर्यंत थांबा. डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल तुटला तर उलटंच होतं, घरात २३० ऐवजी तीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकतं. एकदा एकाच गल्लीतली चार इंडक्शन एका दिवशी माझ्याकडे आली. तिघांत आत येणाऱ्या लाइनजवळची नाण्याएवढी चकती, जिला आम्ही एमओव्ही म्हणतो, फुटून काळी पडली होती आणि फ्यूज उडाला होता. चकतीने स्वतः जळून बाकीचा बोर्ड वाचवला होता, तिन्ही स्वस्तात सुटली. चौथ्यात आधीच्या कुणीतरी ती चकती काढून टाकलेली होती. त्यात काहीच उरलं नव्हतं.

हवेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या उन्हाळ्यात जीव तिथेच जातो. इंडक्शनचा पंखा खालून हवा ओढतो. खाली पेपर, प्लास्टिकचा टेबलक्लॉथ, मागे भिंत, शेजारी पेटलेला गॅस, आणि ओट्यावर आधीच ४० अंश. मग आतला आयजीबीटी, म्हणजे कॉइलची वीज झपाट्याने चालू-बंद करणारा तो मुख्य पार्ट, थंड व्हायचा कसा? चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा. मागच्या हिवाळ्यात धरणगावकडचं एक इंडक्शन उघडलं तर पंख्याच्या तोंडाशी गोधडीसारखा पांढरा थर. कापूस होता. दर वाढायची वाट बघत कापूस घरातच साठवला होता, आणि त्याचा तूस फोडणीच्या तेलकट वाफेने तिथे चिकटून बसला होता. पंखा फिरत होता, हवा येत नव्हती. ज्यांच्या घरात कापूस आहे त्यांनी प्लग काढून दर पंधरा दिवसांनी खालची जाळी कोरड्या ब्रशने झाडावी. झुरळांचंही तसंच. उबेला ती आत घर करतात, डिस्प्लेच्या पिनांवर त्यांची घाण साचते, आणि बटण न दाबता बीप-बीप सुरू होतं. टच पॅनेलवर दूध उतू गेलं तरी असंच होतं. तेव्हा प्लग काढा, पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा. पाण्याखाली धरून इंडक्शन धुणारे लोकही मी पाहिलेत, कृपा करून तसं करू नका.

स्वयंपाक झाल्या झाल्या भिंतीवरचा स्विच बंद करू नका. आधी इंडक्शनवरचं बटण बंद करा. पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरून आतली उष्णता काढतो, तो थांबला की मग स्विच.

आता जे स्वतः दुरुस्ती करतात त्यांच्यासाठी. घरच्यांनी खालचे स्क्रू उघडू नयेत. या बोर्डात मेनची वीज थेट असते, १८ आणि ५ व्होल्टचा भागही मेनपासून वेगळा नसतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरू शकतो.

उडालेला फ्यूज बदलून थेट लाइनला लावणं ही शिकाऊ मुलांची ठरलेली चूक. त्याजागी तार बांधणं हा तर गुन्हाच समजा. फ्यूज बहुतेक वेळा आयजीबीटी किंवा ब्रिज (एसीचं डीसी करणारा पार्ट) शॉर्ट झाल्यामुळे गेलेला असतो. दोन्ही मीटरने तपासा. आयजीबीटी बदलला तरी घाई नको. तो का गेला? पंखा, १८ व्होल्टची सप्लाय, गेटचा ड्राइव्ह आणि कॉइलजवळचा ०.३ मायक्रोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर, हे सगळं बघा. त्या कपॅसिटरची मायक्रोफॅरडमधली क्षमता उतरलेली असेल तर नवा आयजीबीटीही उडतो. पहिली चाचणी कॉइल सोडवून, १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून करा. बल्ब पूर्ण पेटला तर शॉर्ट अजून आहे. बल्ब लावला नसता तर नवा पार्ट तिथेच गेला असता.

सेन्सरबाबतची चूक खास आपल्या हवेतली. काचेखालचा थर्मिस्टर बऱ्याच इंडक्शनमध्ये १०० किलोओहमचा असतो, पण तो आकडा २५ अंशांचा. तापमान वाढलं की रोध घटतो. मे महिन्यात दुकानात ४० अंश असताना चांगला सेन्सरही ५० ते ५५ दाखवतो, आणि डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना १८०च्या घरात जातो. माझ्याकडच्या पोराने पहिल्या उन्हाळ्यात तीन चांगले सेन्सर खराब म्हणून फेकले होते. मीटर लावून सेन्सर चिमटीत धरा, आकडा हळूहळू उतरला की तो जिवंत आहे. (दुकानात ४० अंश असतील तर हाताऐवजी गार पाण्याच्या बाटलीला टेकवा, आकडा चढेल.) परत बसवताना त्यावरची पांढरी पेस्ट ताजी लावा आणि तो काचेला नीट टेकलाय हे बघा.

काचेला केसाएवढी जरी चीर गेली तरी ते इंडक्शन त्याच दिवशी बंद ठेवा. वरून सिलिकॉन भरून चालवतात, पण गरम काच-गार पाणी असं झालं की चीर वाढते आणि सांडलेला रस्सा सरळ मेनच्या विजेवर उतरतो. नवी काच मिळत असेल तर बदला, नसेल तर पंखा आणि कॉइल सुट्या पार्टसाठी काढून ठेवून बाकीचं भंगारात द्या.