नवं बांधलेलं व्ही-एट पहिल्या अर्ध्या तासातच का मरतं? या चुका टाळा

मिशिगनमधल्या एका मराठी मित्राने दोन हिवाळे गॅरेजमध्ये घालवून आपल्या 1974 च्या कॉर्व्हेटसाठी इंजिन बांधलं. शेव्हर्लेचा स्मॉल-ब्लॉक, 350 क्युबिक इंचाचा वाढवून 383 केलेला. शनिवारी सकाळी पहिला सेल्फ मारला. इंजिन खोकलं आणि गप्प बसलं. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना स्पार्क वाटणारा भाग) जरा फिरवला, पुन्हा सेल्फ. कार्बोरेटरमधून भडका. तारा तपासल्या, पुन्हा सेल्फ. दुपारी चारला ते एकदाचं पेटलं. आम्ही पाच-सहा जण हातात चहाचे कप घेऊन आयडलवरची ती गडगड ऐकत उभे राहिलो. चांगली पंधरा मिनिटं. तेवढ्यात कॅमशाफ्टचे दोन लोब (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) घासून सपाट झाले होते. आठवड्याने टकटक सुरू झाली तेव्हा ते कळलं.

मी उद्यमनगरात ऑईल इंजिनांवर हात काळे केलेला कोल्हापूरकर. तिथल्या मिस्त्रींची शिकवण अशी की नव्या इंजिनाला आधी हळू चालू द्यायचं, अंगात येऊ द्यायचं. म्हणून त्या दिवशी मीही मान डोलावत उभा होतो. या इंजिनाला ती शिकवण लागू नाही. जुन्या पद्धतीचा फ्लॅट-टॅपेट कॅम (ज्याच्या लोबवर सपाट तळाचा टॅपेट बसतो आणि व्हॉल्व्हकडे हालचाल पोचवतो) असलेलं व्ही-एट चालू झाल्यावर दोष शोधायला वेळच देत नाही. दोष आधी शोधायचे, मग चावी फिरवायची.

आयडलवर कौतुक पाहत बसणे

सगळ्यात महागडी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. फ्लॅट टॅपेट नावाला सपाट असतो. त्याचा तळ अगदी किंचित फुगीर असतो, कॅमचा लोब किंचित तिरका घासलेला असतो आणि टॅपेटचा मध्य लोबच्या मध्यापासून थोडा बाजूला असतो. या तिन्ही गोष्टींमुळे टॅपेट आपल्या भोकात गोल फिरत राहतो आणि झीज एका जागी साचत नाही. पहिल्या वीस-तीस मिनिटांत प्रत्येक लोब आणि त्याचा टॅपेट यांची जोडी जमते. जमली तर लाखभर मैल चालते. नाही जमली तर टॅपेट फिरायचा थांबतो आणि लोबला रंध्यासारखा तासून काढतो.

या जागेला पंपाचं ऑईल थेट मिळत नाही. फिरणारी क्रँक जे ऑईल उडवते त्यावरच कॅमची तहान भागते. आयडलला क्रँक इतकी सावकाश फिरते की शिंतोडे पुरत नाहीत. म्हणून इंजिन पेटल्याबरोबर आरपीएम 2000 वर न्यायचा, 2000 ते 2500 मध्ये वरखाली करत ठेवायचा आणि वीस मिनिटं खाली येऊ द्यायचा नाही. काही गडबड दिसली तर आयडलवर आणून विचार करत बसू नका. सरळ बंद करा, दुरुस्त करा आणि उरलेली मिनिटं पुन्हा वरच्या आरपीएमवर पूर्ण करा.

दुसरी गोष्ट ऑईलची. जुन्या ऑईलमध्ये झिंक आणि फॉस्फरसचं झीजरोधक संयुग भरपूर असायचं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून ते कमी होत गेलं आणि अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या (एपीआय) 2004 च्या एसएम दर्जापासून नेहमीच्या पातळ ग्रेडना फॉस्फरसची मर्यादा 0.08 टक्के आली. आजच्या रोलर कॅमच्या (टॅपेटच्या तळाला चाक असलेल्या) गाड्यांना त्याने काही फरक पडत नाही. कॉर्व्हेटमध्येही 1987 पासून रोलर टॅपेट आले. पण तुमच्या फ्लॅट कॅमला दुकानातलं सगळ्यात महाग सिंथेटिक घातलंत तरी ते चुकीचंच. ब्रेक-इनसाठी (या पहिल्या चालवण्यासाठी) झिंकवालं साधं मिनरल ऑईल घ्या. आणि व्हॉल्व्हला डबल स्प्रिंग असतील तर आतल्या स्प्रिंग या वीस मिनिटांपुरत्या काढून ठेवा. काम कंटाळवाणं आहे, पण कॅम बदलण्यापेक्षा बरं.

पुन्हा पुन्हा सेल्फ मारणे

कॅमवर जोडणीच्या वेळी जी काळी मॉलीची पेस्ट लावतात ती काही मिनिटांपुरतीच असते. सेल्फवर इंजिन सावकाश फिरतं, शिंतोडे नाहीत, आणि प्रत्येक प्रयत्नात ती पेस्ट पुसली जाते. मित्राचा कॅम चहाच्या वेळी मेला, पण आजारी सकाळपासूनच पडला होता. दोन-तीन फेऱ्यांत इंजिन पेटायलाच हवं, अशी तयारी करून मगच गाडीत बसा. ती तयारी म्हणजे ऑईल, टायमिंग, टॅपेट आणि पेट्रोल.

पेट्रोलचं सोपं आहे. रिकामं कार्बोरेटर पंपाने भरेपर्यंत सेल्फ मारत बसायचं नाही. व्हेंट नळीतून छोट्या नरसाळ्याने बाउल भरून घ्या.

ऑईल मात्र निगुतीने. स्मॉल-ब्लॉकमध्ये ऑईल पंपाला डिस्ट्रिब्युटरचा दांडा फिरवतो. डिस्ट्रिब्युटर काढून त्या जागी प्रायमर शाफ्ट घालायचा आणि ड्रिल मशीनने घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. प्रेशर आलं की ड्रिलचा आवाज जड होतो, मनगटालाच कळतं. इथे लोक एक स्वस्त चूक करतात: षट्कोनी सळई घेतात, कॉलर नसलेली. उजव्या बाजूच्या टॅपेटांची ऑईल गॅलरी डिस्ट्रिब्युटरच्या अंगाभोवतून जाते. कॉलर नसेल तर ऑईल तिथूनच खाली सांडतं, गेजवर प्रेशर कमी दिसतं, उजवीकडचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) कोरडे राहतात आणि माणूस नव्या पंपाला शिव्या देतो. सोळाच्या सोळा रॉकरमधून ऑईल ठिबकेपर्यंत थांबा. मधूनमधून क्रँक हाताने पाव फेरा फिरवा, नाहीतर काही टॅपेटांची भोकं बंदच राहतात.

कॉलर असूनही प्रेशर येत नसेल तर चावीला हात लावू नका, ऑईल पॅन उतरवा. टायमिंग कव्हरमागचे गॅलरी प्लग राहिले आहेत का ते पाहा. धुलाईच्या वेळी ते काढतात आणि नेमके तेच विसरतात. पिकअपची (पंपाला ऑईल ओढून देणाऱ्या नळीची) जाळी पॅनच्या तळापासून साधारण तीन सूत वर हवी. फार वर असली तर जोरात ब्रेक मारला की हवा ओढते, तळाला टेकली तर ऑईलच ओढत नाही.

टायमिंगच्या खुणेवर आंधळा विश्वास

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, कंप्रेशनला एकदा आणि एक्झॉस्टला एकदा. बॅलन्सरवरची (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या जड चकतीवरची) खूण दोन्ही वेळा शून्यावरच दिसते. चुकीच्या वेळी डिस्ट्रिब्युटर बसवला की तो 180 अंशांनी उलटा पडतो आणि कार्बोरेटरमधून भडके येतात. त्या शनिवारी सकाळी हेच झालं होतं. पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा, हवेने अंगठा उडवला की तो कंप्रेशनचा फेरा. याला ना हत्यार लागतं ना अनुभव.

पण खूणच खोटी असेल तर? वेगवेगळ्या वर्षांच्या बॅलन्सरवर शून्याची रेघ वेगळ्या जागी असते आणि त्यांच्या अंशांच्या पट्ट्याही वेगळ्या. 383 बांधताना बॅलन्सर एका गाडीचा आणि पट्टी दुसऱ्या गाडीची असं सर्रास होतं. मग टायमिंग लाइट कितीही चांगला असला तरी सरळ खोटं सांगतो. सगळे प्लग काढा, पहिल्या भोकात पिस्टन स्टॉप लावा, क्रँक हाताने आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला टेकेपर्यंत फिरवा, दोन्ही ठिकाणी खडूने खूण करा. त्यांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टन अगदी वर असण्याची जागा.

डिस्ट्रिब्युटर शेवटी थोडा वरच राहिला, पूर्ण खाली बसत नसेल तर क्लॅम्पने दाबू नका. खाली पंपाच्या दांड्याची खाच जुळलेली नाही. लांब स्क्रूड्रायव्हरने दांडा थोडा फिरवा, तो आपोआप बसेल. जोर केलात तर पंप मोडतो.

फायरिंग ऑर्डर 1-8-4-3-6-5-7-2. यात 5 आणि 7 एकामागोमाग पेटतात आणि ब्लॉकमध्येही शेजारी-शेजारी आहेत, ड्रायव्हरच्या बाजूला. त्यांच्या तारा चिकटून समांतर नेल्या तर एकीतला स्पार्क दुसरीत उतरतो. आरपीएम वाढला की मिसफायर, खाली मात्र सगळं गोड. एवढ्यासाठी लोक कार्बोरेटर तीन-तीनदा उघडतात. त्या दोन तारा एकमेकींपासून लांब ठेवा.

कॉर्व्हेटवाल्यांसाठी आणखी एक. 1974 पर्यंतच्या गाड्यांत डॅशबोर्डवरचा टॅकोमीटर डिस्ट्रिब्युटरमधून निघणाऱ्या केबलवर चालतो. पॉइंट (स्पार्कचा जुना यांत्रिक स्विच) काढून साधा एचईआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा) डिस्ट्रिब्युटर बसवला की टॅको मेला. मग ब्रेक-इनचे 2000 आरपीएम मोजणार कशाने? आणि एचईआयला पूर्ण 12 व्होल्ट लागतात. पॉइंटच्या जमान्यातली रेझिस्टन्स वायर तशीच ठेवली तर वरच्या आरपीएमला इंजिन दम टाकतं.

टॅपेट जास्त आवळणे

हायड्रॉलिक टॅपेट सेट करताना पुशरॉड (टॅपेट आणि रॉकर यांच्यामधला दांडा) बोटांत फिरवून तो जड झाला की थांबायचं, असं बरेच जण करतात. नव्या टॅपेटमधला प्लंजर बोटाच्या दाबानेही खाली जातो, त्यामुळे पुशरॉड जड वाटेपर्यंत शून्य कधीच मागे पडलेलं असतं. पुशरॉड फिरवू नका, वरखाली हलवून पाहा. खडखड संपली ते शून्य. त्यापुढे अर्धा फेरा पुरे. जास्त आवळलं तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कंप्रेशन जातं आणि नव्या रिंगांवर आळ येतो. लीक-डाउन टेस्ट करून (सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून) कान लावा: कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑईल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

पेटल्यावर दिसणारी चिन्हं

हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) लालबुंद झाले तर बहुतेक वेळा टायमिंग मागे आहे. व्हॅक्युमची नळी काढून, 3000 आरपीएमच्या आसपास एकूण ॲडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याआधी स्पार्क किती लवकर पडतो ते) 34 ते 36 अंश मिळायला हवा.

ताप वाढत असेल तर थर्मोस्टॅटखाली हवा अडकलीय का बघा. बसवण्याआधी थर्मोस्टॅटच्या कडेला बारीक भोक पाडलं तर हा त्रास होत नाही. या पिढीची कॉर्व्हेट नाकाखालून हवा घेते. रेडिएटरभोवतीच्या रबर-फोमच्या पट्ट्या परत लावल्या नाहीत तर हवा रेडिएटर सोडून बाजूने निघून जाते आणि गाडी महामार्गावर तापते. या इंजिनाचे हेड बोल्ट थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात, त्यामुळे आट्यांना सीलंट लावलं नसेल तर पाणी झिरपतं आणि दोष गॅस्केटच्या माथी जातो.

बॉडी फायबरग्लासची, म्हणजे अर्थिंगला तिचा काही उपयोग नाही. इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थची पट्टी विसरलात तर सेल्फ रडत फिरतो आणि गेज भलतंच दाखवतात.

आरपीएमबरोबर वाढणारी थरथर दिसली तर आधी विचारा, क्रँक कुठली आहे? मूळ 400 इंजिनाची क्रँक बाहेरून बॅलन्स केलेली असते, तिला 400 चाच बॅलन्सर आणि वजनाचा फ्लायव्हील लागतो. त्या जुन्या 350 चा बॅलन्सर आणि फ्लायव्हील तसेच ठेवले तर बेअरिंग लवकरच बोलू लागतात. बाजारात आतून बॅलन्स केलेल्या 383 क्रँकही मिळतात, म्हणून डब्यावर काय लिहिलंय ते वाचा.

निळा धूर दिसला की सगळे रिंगांकडे बोट दाखवतात. रिंगा बसायला ताण लागतो. वीस मिनिटं झाली, ऑईल-फिल्टर बदललं की गाडी रस्त्यावर काढा, मध्यम गिअरमध्ये जोर द्या, मग ॲक्सिलरेटर सोडून गाडीनेच वेग कमी होऊ द्या, असं दहा-बारा वेळा. जपून-जपून चालवली तर सिलिंडरला काच चढते आणि रिंगा कधीच बसत नाहीत. पण धूर तरीही राहिला तर इंजिन उतरवण्याआधी इनटेक मॅनिफोल्ड तपासा. हेड किंवा ब्लॉक घासून घेतला असेल तर मॅनिफोल्डचा कोन जुळत नाही, खालच्या कडेला फट राहते आणि इंजिन खालच्या पोकळीतलं ऑईल ओढत राहतं. ओळखायचं सोपं आहे: ब्रीदर आणि पीसीव्हीची (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या व्हॉल्व्हची) भोकं बंद करा, आयडलला ऑईलच्या तोंडावर तळहात ठेवा. निरोगी इंजिन हात ढकलतं, हे ओढतं.

पहिला फिल्टर कापून बघितल्याशिवाय फेकू नका. कागदाच्या घड्या उलगडा आणि चुंबक फिरवा. चकाकणारी पूड चुंबकाला चिकटली तर कॅम-टॅपेट पाहा. चिकटली नाही आणि रंग तांबूस असेल तर बेअरिंग.

मित्राच्या गाडीत नवा कॅम घातला, या वेळी डिस्ट्रिब्युटर बरोबर बसला, दुसऱ्या फेरीला इंजिन पेटलं आणि वीस मिनिटं कोणी चहाचं नाव काढलं नाही. संध्याकाळी दिवे लावले तर एकच हेडलाइट वर आला. या कॉर्व्हेटचे दिवे व्हॅक्युमवर उघडतात, आणि मोठ्या कॅमला आयडलवर व्हॅक्युम जेमतेमच असतो. आता तो व्हॅक्युमची एक-एक नळी तोंडाने ओढून बघतोय.