ओळखपत्रामागची चिठ्ठी

कॉलेजात काही घडलं की नेमकी फोनची बॅटरी संपलेली असते, आणि नंबर तर हल्ली कुणालाच पाठ नसतात. त्यासाठी हे करून ठेवा:

1. छोट्या कागदावर कॉलेजचा सुरक्षा कक्ष, वसतिगृहाचे रेक्टर आणि घरच्या दोघांचे नंबर लिहा. खाली रक्तगट आणि एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर तीही. कागद ओळखपत्राच्या कव्हरमध्ये मागच्या बाजूने सरकवा.

2. सुरक्षा कक्षाचा नंबर एकदा स्वतःच्या मोबाइलवरून लावून बघा, जमल्यास रात्री. फलकावरचा नंबर कधी कधी फक्त आतल्या फोनवरून लागणारा निघतो! हे आधी कळलेलं बरं.

3. हीच माहिती फोनच्या ‘आपत्कालीन माहिती’ या सेटिंगमध्ये भरा. फोन लॉक असला तरी मदतीला आलेल्याला ती वाचता येते.

4. रोजच्या वर्गापासून बाहेर पडायचा दुसरा जिना एकदा चालून बघा. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते.

मात्र चिठ्ठीवर खोली क्रमांक, पत्ता किंवा पिन लिहू नका. ओळखपत्रं हरवतात.