काफ्कामध्ये टाइमआउट आल्यास तपास कसा करावा

रावेर, सावदा आणि यावल येथील वजनकाट्यांवर केळीच्या गाडीचे वजन झाले की त्याची नोंद जळगावातील काफ्का क्लस्टरकडे (नोंदी साठवून पुढे पोहोचविणाऱ्या सर्व्हरांच्या समूहाकडे) जाते, अशी व्यवस्था गृहीत धरू. गाड्यांची रांग लागलेली असताना लॉगमध्ये टाइमआउट (ठरलेल्या मुदतीत काम न झाल्याच्या त्रुटी) दिसू लागले, तर बहुतेक जण सर्वप्रथम मुदतीचा आकडा वाढवतात. वेळ नेमका कोठे गेला हे ठरविल्याशिवाय तसे करू नये, कारण त्याने बिघाड दुरुस्त होत नाही. तो फक्त उशिरा कळतो.

जावा प्रोड्यूसरमध्ये, म्हणजे नोंदी पाठविणाऱ्या प्रोग्राममध्ये, तीन मुदती वेगवेगळ्या चालतात. मेटाडेटा (कोणती नोंद कोणत्या सर्व्हरकडे पाठवायची याची माहिती) मिळेपर्यंत किंवा बफरमध्ये जागा होईपर्यंत प्रोग्राम किती थांबेल, हे मॅक्स.ब्लॉक.एमएस ठरवते आणि ते मुळात 60 सेकंद असते. ब्रोकरच्या, म्हणजे क्लस्टरमधील सर्व्हरच्या, उत्तराची वाट पाहण्याची मुदत, म्हणजे रिक्वेस्ट.टाइमआउट.एमएस, 30 सेकंदांची असते. पुनःप्रयत्न धरून नोंद पोहोचविण्याची एकूण मुदत डिलिव्हरी.टाइमआउट.एमएस ठरवते, ती 120 सेकंदांची असते.

‘60000 मिलिसेकंदांनंतरही टॉपिक मेटाडेटामध्ये नाही’ अशा अर्थाची त्रुटी आल्यास टॉपिकचे (नोंदींच्या प्रवाहाचे) नाव, परवानगी आणि बूटस्ट्रॅप सर्व्हरचा, म्हणजे क्लायंट सर्वप्रथम ज्याला जोडला जातो त्या सर्व्हरचा, पत्ता तपासावा. याउलट 120 सेकंद उलटल्यामुळे नोंदी बाद झाल्याचे दिसत असेल, तर ॲडव्हर्टाइज्ड.लिसनर्स ही ब्रोकर क्लायंटला स्वतःचा कोणता पत्ता कळवतो ते ठरविणारी सेटिंग आधी पाहावी. क्लायंट बूटस्ट्रॅप पत्त्यावर व्यवस्थित जोडला जातो, पण मेटाडेटामध्ये त्याला जे पत्ते मिळतात ते जळगावच्या अंतर्गत नेटवर्कपुरतेच असतील, तर रावेरहून ते सापडत नाहीत. म्हणून केवळ पोर्ट उघडे असल्याची खात्री करून थांबू नये. केकॅट या साधनाने ब्रोकरांची यादी मागवावी आणि तीही काट्यावरच्याच संगणकावरून, कार्यालयातून नव्हे.

शिळ्या मेटाडेटाबद्दल बराच गैरसमज आहे. मेटाडेटा किती काळाने ताजा करायचा हे ठरविणारे मेटाडेटा.मॅक्स.एज.एमएस 5 मिनिटांचे असते, म्हणून लीडर (नोंदी स्वीकारणारा प्रमुख ब्रोकर) बदलल्यावर 5 मिनिटे थांबावे लागते, असे मानले जाते. ते खरे नाही. जुना ब्रोकर चालू असेल तर तो ‘मी लीडर नाही’ असे कळवतो आणि क्लायंट ताबडतोब नवा मेटाडेटा मागवून पुन्हा पाठवतो. खरी अडचण ब्रोकरचे यंत्र वीज जाऊन अचानक बंद पडल्यावर येते, कारण तेव्हा नकारही मिळत नाही. केराफ्टवर (काफ्काच्या स्वतःच्या समन्वय पद्धतीवर) चालणाऱ्या क्लस्टरमध्ये मूळ सेटिंगनुसार 9 सेकंद ब्रोकरचा संपर्क नसला की कंट्रोलर, म्हणजे क्लस्टरचे नियंत्रण करणारा सर्व्हर, नवा लीडर नेमतो, पण अडकलेली विनंती मात्र 30 सेकंद तशीच थांबून राहू शकते. ही 30 सेकंदांची मुदत कमी करण्याचा मोह आवरावा: ती ब्रोकरच्या रेप्लिका.लॅग.टाइम.मॅक्स.एमएसपेक्षा (नोंदींची प्रत किती काळ मागे राहू शकते त्या मर्यादेपेक्षा) जास्त असावी, अन्यथा अनावश्यक पुनःप्रयत्न वाढतात. मेटाडेटाचे वय कमी करणे मात्र नोंदी वाचणारा प्रोग्राम, म्हणजे कन्झ्युमर, टॉपिकांच्या नावांच्या नमुन्यावरून टॉपिक निवडत असेल तेथे उपयोगी ठरते, कारण नवा टॉपिक त्याला पुढच्या ताज्या मेटाडेटातच दिसतो. सर्वच ब्रोकरांचे पत्ते बदलले असतील, तर पुन्हा बूटस्ट्रॅप करण्याची (सुरुवातीच्या पत्त्यावर नव्याने जोडण्याची) सोय काफ्काच्या 3.8 आवृत्तीत आली आणि 4.0 पासून ती आपोआप चालू असते. त्याआधीचा क्लायंट पुन्हा सुरू करावा लागतो.

सर्वांत जास्त काळजी येथे घ्यावी: टाइमआउट आला म्हणून नोंद लिहिली गेली नाही, असे समजू नये. ती लिहिली जाऊन केवळ पोच हरवलेली असू शकते. 3.0 पासून प्रोड्यूसर मुळातच आयडेम्पोटंट (तीच नोंद पुन्हा पाठवली तरी एकदाच लिहिली जाईल असा) असल्याने त्याचे स्वतःचे पुनःप्रयत्न दुबार नोंद करत नाहीत; परंतु ॲक्स=1 (फक्त लीडरची पोच पुरेशी) ठेवले आणि आयडेम्पोटन्स स्पष्टपणे चालू केले नसेल, तर आयडेम्पोटन्स काही न सांगता बंद होते. शिवाय मुदत संपल्यावर आपल्या प्रोग्रामने तीच नोंद पुन्हा पाठवली, तर काफ्काच्या दृष्टीने ती नवीच असते. परिणामी एकाच गाडीचे वजन दोनदा चढते आणि शेतकऱ्याचा हिशेब चुकतो. यासाठी नोंद पाठविण्यापूर्वी काट्यावरच्या डेटाबेसमध्ये जतन करावी, वजनपावतीचा क्रमांक तिच्यासोबत पाठवावा आणि स्वीकारणाऱ्या तक्त्यात त्या क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न स्वीकारण्याचे) घालावे.

चाचणी घेताना ब्रोकर नेहमीच्या पद्धतीने बंद करू नये, कारण तसे केल्यास तो बंद होण्यापूर्वी लीडरपद दुसरीकडे सोपवतो आणि दोष झाकला जातो. त्याऐवजी चाचणीच्या क्लस्टरवर सिगस्टॉप संकेत देऊन ब्रोकरची प्रोसेस गोठवावी, त्याच वेळी काट्यावरून नोंदी पाठवत राहावे आणि शेवटी पाठवलेल्या व पोहोचलेल्या पावती क्रमांकांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात.