गोल गोटे दिसले की लगेच नदी लिहू नका: कॉन्ग्लोमरेट वाचताना या चुका टाळा

मुंबईच्या जिऑलॉजीच्या मुलांची पहिली चूक घराजवळच होते. बोरिवलीकडे कापलेल्या दरडीत मातीत रुतलेले गोल धोंडे दिसतात आणि वहीत कॉन्ग्लोमरेट (वाहून आलेले गोल गोटे गाळात घट्ट होऊन बनलेला खडक) लिहून मोकळे, पण तो बेसाल्टच असतो, जागच्या जागी कुजलेला. धोंड्याच्या कडेला नख लावून बघा, पापुद्रे सुटतायत आणि आतल्या दगडापासून बाहेरच्या मातीपर्यंत सगळं हळूहळू बदलत गेलंय, म्हणजे ते कुठूनही वाहत आलेले नाहीत. मंडपेश्वर, जोगेश्वरीच्या लेण्यांतला ब्रेशिया (टोकदार तुकड्यांचा खडक) सुद्धा ज्वालामुखीचा आहे, टोकदार तुकडे दिसले म्हणून दरड कोसळून साचलेला ढीग समजू नका.

आता खरा कॉन्ग्लोमरेट मिळाला, तरी २ मिमीपेक्षा मोठे कण म्हणजे नदी, असं नसतं हो! साईजवरून फार तर प्रवाहाचा जोर कळतो, ते कुठे साचले ती जागा नाही. गोटे समुद्राच्या तळाशी खोलवरसुद्धा घसरत जातात. गोलाईवर तर अजिबात विसंबू नका, चुनखडीचा गोटा लवकर गोल होतो, क्वार्ट्झाइटसारख्या कठीण खडकाचा खूप उशिरा, आणि एखाद्या जुन्या कॉन्ग्लोमरेटमधून सुटलेले गोटे आधीच गोल असतात.

त्यापेक्षा गोटे एकमेकांना टेकलेत की चिखलात तरंगतायत ते आधी बघा. तरंगत असतील तर चिखल-दगडांचा लोंढा किंवा हिमनदी, आणि इथे घाई नडते कारण दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. चंद्रपूर जिल्ह्यात इरईला तालचीर नावाच्या जुन्या गाळाच्या थराखालच्या चुनखडकावर बर्फाने ओढलेले ओरखडे आहेत, म्हणून तिथे हिमनदी ठामपणे म्हणता येते. असा पुरावा नसेल तर घासून सपाट झालेले, ओरखडे असलेले गोटे शोधा, बारीक पट्ट्यांच्या गाळात वरून, तरंगत्या बर्फातून पडून रुतलेला एकटा दगड शोधा, काहीच नाही मिळालं तर दोन्ही शक्यता लिहा.

चपटे गोटे कौलांसारखे एकावर एक रेललेले असतील तर ते मोजाच. नदीत त्यांच्या सपाट बाजूचा उतार वरच्या बाजूला, म्हणजे पाणी जिकडून येतं तिकडे असतो आणि गोट्याचा लांब अक्ष बहुतेक वेळा प्रवाहाला आडवा असतो, घसरत आलेल्या दाट लोंढ्यात मात्र तो प्रवाहाच्या दिशेने असतो. दोन-चार गोटे मोजून दिशा ठरवू नका, आणि थर नंतर कललेला असेल तर तो कल आधी हिशोबातून काढून टाका, नाहीतर अख्खी नदी उलटी वाहायला लागते.

शेवटचं, नुसता गोट्यांचा थर बघून परत येऊ नका. वर-खाली आणि मधे जे वाळूचे, चिखलाचे पातळ थर असतात तिथेच जागा ओळखायला बरंच काही सापडतं, मुळांच्या खुणा, भेगा पडलेला चिखल, शिंपले. फक्त शिंपले झिजलेले, तुटके असतील तर ते जुन्या खडकातून आलेत का, ते आधी तपासा.