वळताना पुढच्या चाकाकडून आवाज येतोय?

इंदूरला राजवाड्याजवळच्या बोळात गाडी वळवताना खडखडाट झाला, तर लगेच शॉकअप बदलू नका.

गाडी उभी, इंजिन चालू. कुणाला तरी स्टिअरिंग पूर्ण फिरवायला सांगा आणि तळहात स्प्रिंगवर बाहेरून टेकवा. वेटोळ्यांत बोट नको. स्प्रिंग अडून झटक्यात सुटली, ‘टंग’ झालं, तर स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची जोडणी) वर बॉडीला जिथे बसतो, त्या स्ट्रट माउंटचं बेअरिंग गेलंय.

चालत्या गाडीत पूर्ण वळणावर कट-कट होते ती बाहेरच्या सीव्ही जॉइंटची, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या अ‍ॅक्सलच्या चाकाकडच्या सांध्याची. त्यावरच्या फाटक्या बुटातून (रबरी आवरणातून) रिमच्या आत ग्रीस उडालेलं दिसेल. पावसाळ्यात चिखल शिरल्यावर नुसतं ग्रीस भरून भागत नाही.

खड्ड्यात खट्ट वाजलं, तर लिंक रॉड, बॉल जॉइंट हे सस्पेन्शनचे सांधे तपासा.

माउंट दोन्ही बाजूंचे बदला. स्प्रिंग कंप्रेसरने (स्प्रिंग आवळून धरणाऱ्या हत्याराने) स्प्रिंग दाबल्याशिवाय स्ट्रटचा मधला नट अजिबात सोडू नका, जिवावर बेतेल. नंतर अलाइनमेंट कराच.