गड्डा उठला तरी थंडी उठत नाही

संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतले पाळणे सुटले की आम्ही सोलापूरकर थंडी संपली समजतो आणि चादरी धुऊन कपाटात टाकतो. मीही टाकायचे. मग फेब्रुवारीच्या पहाटे कुडकुडत उठून त्याच शोधायच्या! तर होळीपर्यंत चादरी बाहेरच ठेवा. एक अंगावर, एक अंगाखाली. फरशीचा गारवा खालून चढतो. दुपारी गच्चीवर टाका, पण ऊन उतरायच्या आत, चारलाच, घड्या घाला. ऊब घडीत राहते.

हुरड्याचे शेवटचे दिवस मात्र चुकवू नका. दाणा नखाने दाबला की दूध यायला हवं. दाणा टणक लागला तर ती ज्वारी झाली, भाकरीला ठेवा. आगटीतल्या गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसा, फिरवत राहा, गरम असतानाच तळहातांवर चोळा. हात पोळतात, पोळू द्या. सोबत शेंगाचटणी आणि दही.

आमच्या दारातला कडुनिंब सध्या पानं गाळतोय, मी दिवसातून दोनदा अंगण झाडते. त्याला तांबूस पालवी दिसली की चादरी धुवायला काढायच्या, त्याआधी नाही.