‘जोर देऊन बोल’ म्हणू नका: टाळू आणि उच्चार यांबाबत होणाऱ्या चुका

मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालं की घरातले सगळे एकच सांगतात, “नीट बोल, जोर देऊन बोल.” मूल जोर देतं आणि तोच ‘पानी’ आणखी मोठ्यानं ऐकू येतो. ण चुकतो तो जिभेची जागा चुकल्यामुळे, आणि ती जागा टाळूवर, म्हणजे तोंडाच्या छतावर आहे.

जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लावा आणि हळूहळू मागे न्या. आधी हिरडीचा उंचवटा लागतो, मग कडक घुमट (कडक टाळू), आणि त्याच्या मागे मऊ पडदा (मऊ टाळू). पडजीभ लोंबते ती याच पडद्याच्या टोकाला. घुमट हाडाचा आहे, पडदा स्नायूंचा. च, ट, ण, ळ हे घुमटावर जीभ कुठे टेकते यावर ठरतात. पडदा मात्र नाकाची वाट सांभाळतो. बहुतेक वर्णांना तो वर उचलून ती बंद करतो आणि म, न, ण आले की उघडतो. तक्रार घुमटावरची की पडद्याची, हे पाहिल्याशिवाय सराव सुरू करू नका.

‘न’वरून ‘ण’ शिकवणं

‘न’ला जीभ दातांपाशी असते. तिथून सुरुवात केली की मूल तिथंच अडकतं. त्यापेक्षा त्याला ‘घंटा’ म्हणायला लावा. ‘पानी’ म्हणणारं मूलही ‘घंटा’, ‘अंडं’, ‘थंडी’ यांतला अनुस्वार सहसा ण म्हणूनच उच्चारतं, कारण पुढच्या ट-डसाठी जीभ आधीच वर वळलेली असते. म्हणजे ण त्याच्या तोंडात आहेच! आता ‘घंटा’ सावकाश म्हणायला सांगा आणि ट येण्याआधी थांबवा: घण्ण्ण्… जीभ हलू द्यायची नाही. मग ट गाळून नुसतं ‘घणा’. ते जमलं की ‘कणा’, ‘दाणा’, ‘लोणी’ आणि शेवटी ‘पाणी’. आरशासमोर तोंड जरा जास्त उघडं ठेवलं तर वळलेल्या जिभेची खालची बाजू दिसते. ती मुलाला दाखवा, सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. ‘ळ’लाही जवळपास हीच जागा, फक्त हवा जिभेच्या दोन्ही कडांनी सोडायची आणि टोक पुढे आपटत खाली आणायचं.

इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वऱ्हाडातलं मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणत असेल, किंवा ज्या घरात आजी-आजोबाही ‘पानी’, ‘लोनी’च म्हणतात तिथलं मूल तसंच बोलत असेल, तर तो दोष नव्हे, ती त्याची बोली आहे. प्रमाण उच्चार त्याला जोडीला शिकवा. पण वर्गात उभं करून सगळ्यांसमोर सुधारू नका, अशानं मुलं बोलायचीच बंद होतात.

‘च’ एकच आहे असं धरून चालणं

लिपीत एक, तोंडात दोन. ‘चार’ या आकड्यात जिभेचा पुढचा भाग टाळूला लागतो, तर ‘चारा’ म्हणताना टोक दातांच्या मागे जातं. ‘चिंच’ या एका शब्दात दोन्ही च आहेत. पुढे इ-ई आली की जीभ टाळूवर सरकते: आमचा–आमची, माझा–माझी. घरात मराठी कमी बोलली जाते तिथं मुलं सगळे च-ज टाळूवरच म्हणतात. अशा वेळी नियम पाठ करून घेण्यापेक्षा या जोड्या मोठ्यानं म्हणून घ्या.

‘क’ला ‘कंठ्य’ म्हणतात म्हणून तो घशातून काढायला लावणं हीसुद्धा चूकच. जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकला की क होतो, घसा ताणायचं कारण नाही.

नाकातला आवाज म्हणजे सर्दी, असं समजणं

नाक चोंदलं की ‘मामा’ हा ‘बाबा’सारखा ऐकू येतो. मऊ टाळू नीट मिटत नसेल तर बरोबर उलटं होतं: ‘बाबा’ हा ‘मामा’कडे झुकतो आणि प, स म्हणताना नाकातून हवा फुसफुसते. घरी पाहायचं तर नाकपुड्यांखाली गार आरसा धरून मुलाला “बाबा, पोपट उडाला” म्हणायला सांगा. या वाक्यात नाकातला एकही वर्ण नाही, त्यामुळे बोलत असताना आरशावर वाफ धरायला नको. वाक्य संपताच आरसा बाजूला घ्या, नाहीतर श्वासाची वाफ धरून घोटाळा होईल. नंतर नाक चिमटीत धरून तेच वाक्य म्हणवून घ्या. आवाज बदलला तर हवा नाकातून गळते आहे असं समजून तज्ज्ञाला दाखवा.

पडजीभ दुभंगलेली असेल किंवा टाळूच्या मधोमध निळसर पट्टा दिसत असेल तर वरून अखंड दिसणाऱ्या टाळूच्या आतले स्नायू जुळलेले नसण्याची शक्यता असते. अशा मुलाच्या नाकामागची अॅडिनॉइडची गाठ काढायचं ठरत असेल तर शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना हे जरूर सांगा. लहानपणी ती गाठच पडद्यामागची फट भरून काढत असते आणि ती काढल्यावर आवाज जास्त अनुनासिक होऊ शकतो.

फुगे, शिट्ट्या, मेणबत्त्या

फुंकण्याच्या व्यायामानं टाळू बळकट होऊन बोलणं सुधारतं, हा समज फार पसरलेला आहे. फुंकताना आणि बोलताना टाळूची हालचाल वेगवेगळी होते. बोलणं सुधारायचं तर सराव उच्चारांचाच हवा.

दुभंगलेल्या टाळूचं खापर आईवर फोडणं

गरोदरपणी ग्रहणात काही चिरलं म्हणून बाळाची टाळू फाटली, असं आजही बोललं जातं. टाळूच्या दोन बाजू गर्भाच्या साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात जुळतात. त्या न जुळण्यामागे आनुवंशिकतेपासून काही औषधांपर्यंत अनेक कारणं असतात, पण ग्रहणाचा त्यात काडीचाही संबंध नाही. त्या बाईला असं ऐकवणं क्रूरपणा आहे.

शस्त्रक्रिया सहसा 9 ते 18 महिन्यांच्या दरम्यान, बोलणं रुळण्याआधी करतात. ती झाली की काम संपलं असं मानू नका. टाळू दुभंगलेली असताना प-ट-क ऐवजी घशात झटका देण्याची सवय मुलाला लागलेली असू शकते. ती टाके घातल्यानं जात नाही, त्यासाठी वाचाउपचार लागतात. कानही तपासून घ्या. टाळूचेच स्नायू कानाची नळी उघडतात, त्यामुळे या मुलांच्या कानात पाणी साठून ऐकू कमी येतं. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे. अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीचं पथक येईल तेव्हा मुलाला दाखवा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत वाचा आणि श्रवण या दोन्हींची तपासणी होते.